गाडीची नोकरी : पगार किती आणि घर किती?



अनसिंगच्या गट कार्यालयात उसाच्या नोंदीसाठी येणारी मंडळी लागणीची तारीख आणि सर्व्हे नंबर सांगून झाला की अलीकडे दुसराच विषय काढतात. "साहेब, पोरगं गाडीवर जातो म्हणते. जाऊ द्यावं का?" दोन-तीन एकर ऊस, बाकी वावरात सोयाबीन आणि तूर, घरात दोन भाऊ, त्यांतल्या एकाने जड वाहनाचे लायसन काढलेले, असे हे घर असते. एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याने लाइनच्या गाडीवर भरघोस पगार देऊ केलेला असतो. दुसरीकडे वाशीमच्या बाजारातील आडत्याची, खताच्या दुकानाची किंवा सिमेंटवाल्याची गाडी असते. तिथे पगार कमी, पण माणूस रात्री घरी. यातली कोणती धरावी, असा हा प्रश्न आहे.

ऊस विकास विभागाने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. आम्ही शिवारात फिरतो तेव्हा काय दिसते ते सांगतो. ज्या घरातला कामाचा मुलगा महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर असतो, त्या घरच्या उसाला पाण्याची पाळी चुकते, खोडव्याचे पाचट कुजवण्याऐवजी पेटवून दिले जाते, आणि खताचा दुसरा हप्ता पडायचा राहून जातो. म्हणजे गाडीवरच्या पगाराचा काही भाग उसाच्या टनेजमधून वजा होतो. शिवाय गाळप हंगामात आमचा निम्मा दिवस गाडी आणि ड्रायव्हर यांच्यातच जातो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटले.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. गाडीची नोकरी वाईट नाही. ती कष्टाची आणि इमानाची नोकरी आहे, आणि तिच्यावाचून आपला ऊसही गव्हाणीत पडत नाही. परंतु महिन्याचा आकडा ऐकून ती धरू नये. तो आकडा किती तासांचा आहे, खर्च वजा जाता हातात किती राहतो, आणि त्यासाठी घरच्या किती रात्री द्याव्या लागतात, हे तिन्ही मांडून मग होकार द्यावा.

मोठा आकडा कशाचा बनतो

लाइनच्या गाडीचा पगार पुष्कळदा महिन्याचा नसतो, खेपेचा असतो. खेपा जास्त झाल्या तर पैसे जास्त. माल भरायला दोन दिवस लागले, परतीचे भाडे मिळाले नाही, बंदरावर किंवा गोदामावर गाडी तिष्ठत उभी राहिली, की ते दिवस ड्रायव्हरच्या खिशातून जातात. खुराकी मिळते, पण ढाब्यावरचे दोन वेळचे जेवण, चहा, आंघोळ आणि मोबाईल यांना ती पुरतेच असे नाही. कुठे टायर फुटला, ताडपत्री फाटून पोती भिजली, वजनात घट आली, तर काही मालक ते पैसे पगारातून कापून घेतात. हे बोलणे आधी होत नाही, महिनाअखेरीस होते. तेव्हा दुरून डोंगर साजरे दिसतात, हे ध्यानात ठेवावे.

गावाजवळच्या गाडीचा पगार लहान दिसतो. पण भाकर घरची, अंथरूण घरचे, आणि सुट्टीच्या दिवशी वावरात एक फेरी होते. याची किंमत कोणी पगारात धरत नाही. ती धरली पाहिजे.

एक नमुन्याचा हिशेब

खालचे आकडे केवळ नमुन्यादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत.

समजा, लाइनच्या गाडीवर महिन्याला २४,००० रुपये मिळतात आणि गावाजवळच्या गाडीवर १६,०००. दोन्हीकडे कामाचे दिवस २६ धरू. लाइनवर गाडी चालवणे, भरणे, उतरवणे आणि ताटकळणे मिळून दिवसाचे १४ तास जातात, तर गावाजवळ ९ तास. पहिल्याचे महिन्याचे तास होतात ३६४ आणि दुसऱ्याचे २३४. भागाकार केला तर लाइनवर तासाला सुमारे ६६ रुपये पडतात आणि गावाजवळ सुमारे ६८. म्हणजे २४ हजारांच्या नोकरीत तासाचा भाव जास्त नाही, तास जास्त आहेत. पोरगा जास्त मोलाने नव्हे, तर जास्त वेळ राबतो आहे.

आता खर्च पाहू. लाइनवर खुराकीच्या वर रोज १०० रुपये पदरचे गेले, तर २,६०० झाले. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली की उसाला पाणी द्यायला घरी कोणी तरी लागते. मुलगा नाही म्हणून महिन्यात आठ रात्री ४०० रुपयांप्रमाणे माणूस लावला, तर ३,२०० झाले. २४,००० मधून हे ५,८०० गेले. राहिले १८,२००. गावाजवळच्या गाडीवाल्याचे मोटारसायकलचे पेट्रोल आणि चहापाणी यांचे १,००० धरले, तर त्याच्याजवळ १५,००० राहतात.

आठ हजारांचा फरक ३,२०० वर आला. लाइनवरचा मुलगा महिन्यातल्या २४ रात्री बाहेर असेल, तर एका रात्रीचे सुमारे १३३ रुपये पडले. आता बापाने, आईने, आणि लग्न झाले असेल तर सुनेनेही, एकत्र बसून ठरवावे की घरची एक रात्र १३३ रुपयांना द्यायची की नाही. काही घरांना ते परवडेल, काहींना परवडणार नाही. पण व्यवहार कोणता होतो आहे हे तरी कळले पाहिजे. आपण कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजून घालतो, मग मुलाची रात्र न मोजता का घालावी?

झोप आणि शरीर

हिशेबात न बसणारी एक गोष्ट म्हणजे झोप. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतची वेळ माणसाच्या शरीराची झोपेची वेळ आहे. चहाने, तंबाखूने किंवा गाणी लावून ती पुढे ढकलता येते, चुकवता येत नाही. त्यातून आता रस्ते सरळ आणि मोकळे झाले आहेत. आपल्या जिल्ह्यातून शेलूबाजार, कारंजा या बाजूने जाणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा सुरू झाला, आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. वेळ वाचतो हे खरेच. पण ना वळण, ना गाव, ना गाडी सावकाश करण्याचे कारण, अशा रस्त्यावर थकलेल्या ड्रायव्हरचा डोळा लवकर लागतो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले. त्या एका अपघाताची कारणे काही असोत, रात्रीचा रस्ता किती महाग पडतो हे आपल्या भागाने तेव्हा जवळून पाहिले.

सतत बसून कंबर धरते. अवेळी जेवणाने पोट बिघडते. पुढे रक्तदाब आणि साखर मागे लागते. व्यावसायिक वाहनाचे लायसन दर पाच वर्षांनी नवे करावे लागते आणि त्या वेळी डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणजे ज्या शरीरावर ही नोकरी चालते ते शरीरच पहिल्या दहा वर्षांत खर्चून टाकले, तर पुढची वीस वर्षे कशावर काढायची, हा विचार विशीतल्या मुलाने करावा आणि बापाने त्याला करायला लावावा.

गाडीची अवस्थाही पाहावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांपेक्षा जास्त वजनाच्या मालट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. आधीच्या गाड्यांना हा नियम नाही. वैशाखातल्या दुपारी जुन्या गाडीच्या केबिनमध्ये इंजिनशेजारी बसून बारा तास काढणे म्हणजे काय, ते ज्याने काढले त्यालाच ठाऊक. दोन मालक सारखाच पगार देत असतील, तर गाडी कोणाची चांगली, हे आधी विचारावे.

कायदा आणि व्यवहार

ड्रायव्हरच्या तासांना कायदा नाही असा पुष्कळांचा समज आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घालून दिली होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असणाऱ्या वाहतूक संस्थांना लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यात येतच नव्हता, आणि आपल्या भागातली मुले बहुधा अशाच मालकांकडे असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला गेला. दिवस तिथेही आठ तासांचाच धरला आहे. कागद असा आहे. मालाच्या पावतीवर मात्र पोहोचण्याची वेळ लिहिलेली असते आणि ड्रायव्हर त्या वेळेच्या मागे धावतो.

दंडाचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड ठेवला आहे. माल भरायला सांगणारा घरी असतो. रस्त्यावर हात करून थांबवतात ते ड्रायव्हरला. अपघात झाला तर फिर्यादीत पहिले नाव त्याचेच लागते. २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, त्या नव्या फौजदारी कायद्यातल्या अपघातानंतर पळून जाण्याविषयीच्या कलमावरून. १ जुलै २०२४ ला तो कायदा लागू करताना सरकारने ते पोटकलम तेवढे बाजूला ठेवले. एवढ्यावरून ही जोखीम ड्रायव्हरच्या मनात किती खोल बसली आहे, ते दिसते.

बांधलेल्या तासांची नोकरी म्हटली की आपल्याकडे एसटीचे नाव निघते. तिथे ड्युटीचा तक्ता असतो, आठवड्याची सुट्टी असते, भविष्यनिर्वाह निधी असतो. पण तिथेही सगळे गोड आहे असे नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एवढा दीर्घ संप एसटी कामगारांनी केला, त्यामागे पगाराचेही दुखणे होते. तात्पर्य, पूर्ण पगार आणि पूर्ण घर एकाच नोकरीत क्वचित मिळते. कशाला किती महत्त्व द्यायचे, ते आपल्या घराकडे पाहून ठरवावे लागते.

मग लाइनवर कोणी जावे?

आमच्या मते तीन प्रकारच्या घरांनी लाइनच्या गाडीचा विचार जरूर करावा. पहिले, ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा कोरडवाहू तुकडाच आहे, त्यामुळे मुलगा घरी राहिला तरी वावर त्याला काम देऊ शकत नाही. दुसरे, ज्यांच्यावर ठरावीक कर्ज आहे आणि दोन किंवा तीन वर्षांत ते फेडायचा पक्का आकडा ठरलेला आहे. तिसरे, ज्यांना पुढे स्वतःची गाडी घ्यायची आहे आणि त्यासाठी रस्ता, भाडे, दलाल व दुरुस्ती यांची माहिती हवी आहे. या तिघांनीही मुदत ठरवून जावे. "बघू पुढचं पुढं" म्हणून गेलेला मुलगा बहुधा पुढेच जात राहतो.

ज्या घरी दोन एकर बागायत आहे, पैनगंगेचे किंवा विहिरीचे पाणी आहे, आणि आईबाप थकले आहेत, त्या घरच्या मुलाने मात्र गावाजवळची बारमाही गाडी धरावी, किंवा हंगामात ऊस वाहतूक आणि पावसाळ्यात शेती असा मेळ घालावा. हंगाम चार-पाच महिन्यांचाच असतो, म्हणून नुसत्या ऊस वाहतुकीवर वर्ष निघत नाही, हेही सांगून ठेवतो. सोयाबीन बाजारात येण्याचे दिवस, मग ऊस, मग खताची वाहतूक, असा वर्षाचा धागा जुळवणारे ड्रायव्हर आहेत. त्यांना कोणी बड्या पगाराचे म्हणत नाही, पण त्यांच्या घरचा खोडवा बघण्यासारखा असतो.

सोयरिकीचाही मुद्दा निघतो. नुसता शेतकरी म्हटले की मुलीकडचे मागे सरतात, म्हणून "नोकरी आहे" एवढे सांगता यावे यासाठीही काही मुले गाडीवर जातात. हे दुखणे खरे आहे, आम्ही ते हसण्यावारी नेत नाही. पण मुलगी देणारा बाप हल्ली पुढचाही प्रश्न विचारतो, "जावई महिन्यातून घरी किती दिवस असतात?" त्याचेही उत्तर तयार पाहिजे.

जाण्याआधी विचारावे

१. पगार महिन्याचा की खेपेचा? गाडी उभी राहिली त्या दिवसांचे काय?
२. खुराकी किती, आणि ती पगारातली की पगारावेगळी?
३. टायर, मालाची घट आणि दंड, यांतले काय कापणार?
४. लांबच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर असतो का, की एकट्यानेच न्यायची?
५. किती दिवसांनी घरी सोडणार, आणि सणाला किंवा दुखण्याला सुट्टी मिळणार का?
६. गाडीचा विमा आणि फिटनेस चालू आहे का? ड्रायव्हरची जोखीम विम्यात धरली आहे का?

मालकाने उत्तर द्यायला टाळाटाळ केली, तर तेच उत्तर समजावे. आणि कोणत्याही गाडीवर जा, बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून जा. वर्षाला २० रुपये हप्ता आहे आणि अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाखांचे संरक्षण आहे. एका चहा-नाश्त्याच्या पैशांसाठी ते राहू देऊ नये.

आपल्या दारातली गोष्ट

येथवर आम्ही मुलांना आणि त्यांच्या आईबापांना सांगितले. आता सभासद म्हणून आपल्याला. लाइनच्या मालकाला नावे ठेवताना एक विसरू नये, की हंगामात आपणही गाडीवाले आहोत. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरली. आपल्या राज्याच्या रीतीप्रमाणे त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन सभासदाला बिल मिळते. म्हणजे ऊस वाहणाऱ्या ड्रायव्हरची मजुरी शेवटी आपल्याच उसातून जाते. तो आपला कामगार आहे, आणि पुष्कळदा शेजारच्याच गावचा मुलगा आहे.

मग त्याला आपण कसे वागवतो? वावरात गाडी रात्री अकराला भरून झाली की "आत्ताच काढ, ऊस वाळतो" म्हणून मागे लागतो. यार्डात नंबर लागेपर्यंत तो स्टिअरिंगवर डोके टेकून पडतो. खाली झाला की लगेच पुढची खेप. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गाळला जावा हे आम्हीच सांगत असतो, आणि ते बरोबरच आहे. वजन आणि साखर दोन्ही घटतात. पण ते चोवीस तास ड्रायव्हरच्या पाच-सहा तासांच्या झोपेने संपत नाहीत. तोडणीचा कार्यक्रम मोडून आधीच ऊस तोडून ठेवल्याने ते संपतात. गाडीची वेळ ठरण्याआधी फड मोकळा केला, वशिल्याने टोळी मधेच दुसऱ्या शेतात नेली, की मोळ्या बांधावर वाळत पडतात. मग ती घाई आपण ड्रायव्हरच्या डोळ्यांतून वसूल करतो.

म्हणून गट बैठकीत सभासदांनी चार गोष्टींचा आग्रह धरावा, असे आम्ही सुचवतो. गाडीची वेळ मिळाल्यावरच तोड सुरू व्हावी. यार्डात ड्रायव्हर आणि क्लीनर यांना पाठ टेकायला पंख्याची शेड, पिण्याचे पाणी आणि संडास असावा. रात्रभर गाडी चालवलेल्याला दुसऱ्या दिवशी निवांत झोप मिळाल्याशिवाय खेप देऊ नये, आणि तशी नोंद खेपेच्या पावतीवर असावी. रिफ्लेक्टर नसलेली, मर्यादेपेक्षा जास्त भरलेली गाडी वावरातूनच निघू देऊ नये, मग ती आपल्याच उसाची का असेना. यांतल्या पहिल्या आणि चौथ्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही.

हे झाले तर ऊस वाहतुकीची नोकरी आपल्या मुलांनी धरावी अशी होईल, आणि मुलगा लाइनवर गेला तरी पोटासाठी जाईल, घरच्या जाचाला कंटाळून जाणार नाही.

तेव्हा ज्या घरी हा विषय निघाला असेल, त्यांनी कागदावर दोन रकाने आखावेत. एका बाजूला लाइन, दुसऱ्या बाजूला गाव. खाली तास, खर्च, रात्री आणि वावराचे काम, असे आकडे लिहावेत. मुलाच्या हाताने लिहवावेत, बापाने सांगू नयेत. आणि मग जो निर्णय होईल तो सर्वांनी मानावा. ज्यांना हिशेब मांडताना अडचण येईल त्यांनी नोंदीच्या दिवशी गट कार्यालयात यावे. लागणीच्या तारखेबरोबर तोही मांडून देऊ.

— ऊस विकास अधिकारी, अनसिंग गट